पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.टेक., पीएचडी : प्रगतीच्या अटी आणि पाऊस-गळिताचं गणित (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी)

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. आपल्या भागातल्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक. आणि पीएचडीच्या मुलामुलींसाठी हा धागा काढायलोय. हजेरी, अंतर्गत गुण, सहामाही अहवाल, मुदत हे नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतात. तरीही दरवर्षी चांगली अभ्यासू मुलं मागं पडतात. नियम अवघड आहेत म्हणून हे होत नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक सत्रावर चालतं. आपला नमुना मात्र नदीतून, नाल्यातून नाहीतर साखर कारखान्यातून येतो, आणि त्यांचं वेळापत्रक पाऊस आणि ऊस ठरवतात. ही दोन वेळापत्रकं पहिल्याच सत्रात शेजारी ठेवून बघितली नाहीत तर शेवटच्या सत्रात धावपळ ठरलेली.

आधी एम.टेक. व्हीटीयूच्या (बेळगावचं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) २०२२ च्या स्कीमप्रमाणे विषयाचे अंतर्गत ५० आणि सत्रअखेर परीक्षेचे ५० गुण. परीक्षा १०० ची होते आणि निम्मी करून धरतात. अंतर्गत गुणांत निम्मे म्हणजे २५ लागतात, परीक्षेत ४० टक्के लागतात, आणि दोन्ही मिळून ५० पाहिजेत. यातली तिसरी अट मुलं विसरतात. अंतर्गत काठावर २५ असतील तर परीक्षेत १०० पैकी ४० मिळवून भागत नाही, कारण २५ आणि २० मिळून ४५ च होतात. तिथं ५० च पाहिजेत. अंतर्गत ३० असतील तर मग ४० वर सुटका होते. म्हणून असाइनमेंटचे चार-पाच गुण किरकोळ समजू नका. परीक्षेतल्या दहा गुणांचं ओझं ते उतरवतात.

हजेरी प्रत्येक विषयाला वेगळी, ८५ टक्के. योग्य कारण असेल तर १० टक्क्यांपर्यंत माफी मिळते. त्याखाली गेलं तर त्या विषयाच्या परीक्षेला बसता येत नाही.

शहापूर_पेठ

नमुने आणायला जायचे दिवस हजेरीत धरतात काय? खानापूरच्या पुढं कणकुंबीपर्यंत जाऊन यायचं म्हटलं तर दिवस मोडतो.

मार्कंडेयकाठ

धरतात, पण जाण्याआधी लेखी असेल तरच. गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, तारीख आणि ठिकाण घालून पत्र आधी द्यायचं. नंतर आणून दिलेल्या पत्रावर वाद होतात. दुसरं म्हणजे वर्ग कमी असलेला वार नमुन्यासाठी ठरवून टाका. दर वेळी तोच वार ठेवलात तर एकाच विषयाचे तास बुडत राहतात, तेवढं टाळा.

गाळ_आणि_गॅस

विषय निवडताना काय बघायचं ते सविस्तर लिहितो. इथंच सगळं ठरतं.

आपल्याकडं कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चच्या आसपास आटोपतो. ऊस कमी असला तर फेब्रुवारीतच पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं. हंगाम संपल्यावर कारखान्यात पाणी मिळतं ते धुण्याचं आणि साफसफाईचं. त्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) हंगामातल्या पाण्याशी जुळत नाही. प्रवेशफेऱ्या लांबल्या की एम.टेक.चं प्रोजेक्टचं सत्र नेमकं एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडू शकतं. तेव्हा ‘साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर प्रक्रिया’ असा विषय घेतला तर नमुनाच नाही. आपल्या बॅचचं शैक्षणिक वेळापत्रक समोर घ्या, प्रोजेक्टच्या दोन्ही टप्प्यांचे महिने मांडा, मगच विषय पक्का करा.

नदीचंही तेच. मलप्रभेवर कणकुंबी, खानापूर, एम. के. हुबळी अशी ठिकाणं घेऊन ‘ऋतूनुसार पाण्याची गुणवत्ता’ हा विषय दरवर्षी कोणीतरी घेतंच. ऋतूनुसार म्हटलं की पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे तीन काळ आले. मे महिना हुकला तर पुढचा मे बारा महिन्यांनी. विषय मंजूर व्हायला जुलै उजाडला असेल तर शीर्षकातून ‘ऋतूनुसार’ काढा आणि पावसाळा व त्यानंतरचा काळ एवढंच घ्या. मार्गदर्शकांना ते आधी पटवा. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक शीर्षक वाचूनच प्रश्न विचारतात.

बारमाही काम पाहिजे असेल तर घरगुती सांडपाणी घ्या. बेळगावातला सांडपाण्याचा बळ्ळारी नाला वर्षभर वाहतो. फक्त जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी मिसळून सगळे आकडे पातळ होतात. त्या महिन्यांत प्रवाह मोजल्याशिवाय नुसत्या मिलिग्रॅम प्रतिलिटरवरून निष्कर्ष काढू नका. सांद्रता निम्मी दिसते आणि रोजचा एकूण भार तेवढाच किंवा जास्तच निघतो.

जांबोटी_घाट

हंगामाची कटकट नको असेल तर कृत्रिम सांडपाणी करा की. साखर, युरिया, फॉस्फेट घालून प्रयोगशाळेतच तयार होतंय. गाइडही हो म्हणतात.

गाळ_आणि_गॅस

एम.टेक.ला चालतंय, पीएचडीला एकट्या कृत्रिम पाण्यावर भागत नाही. संशोधन सल्लागार समिती पहिल्याच बैठकीत खऱ्या पाण्याचं विचारते, आणि ते विचारणं बरोबर आहे. खऱ्या पाण्यात तेल असतं, चुना असतो, आज ४० अंश गरम आणि उद्या थंड असतं. पण दोन्ही जोडून फार चांगलं वेळापत्रक बसतं. जुलैमध्ये रिअॅक्टर (प्रक्रियेची टाकी) कृत्रिम पाण्यावर सुरू करा आणि नोव्हेंबरमध्ये कारखाना सुरू झाला की हळूहळू खऱ्या पाण्यावर न्या. यूएएसबीचा (खालून वर पाणी जाणारी, गाळाच्या थराची बंद टाकी) गाळ स्थिर व्हायला दोन ते चार महिने लागतात, ते तोवर निघून जातात.

१० लिटरच्या यूएएसबीचे आकडे देतो. सीओडी ३००० मिलिग्रॅम प्रतिलिटर पाहिजे तर साधी साखर लिटरला २.६७ ग्रॅम, कारण १ ग्रॅम साखरेचा सीओडी साधारण १.१२ ग्रॅम. सीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस ३००:५:१ धरला तर नायट्रोजन ५० आणि फॉस्फरस १० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे युरिया सुमारे १०७ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट सुमारे ४४ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नुसती साखर फार लवकर आंबते, म्हणून खायचा सोडा लिटरला ३ ग्रॅम. त्यातून सुमारे १८०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) मिळते. बियाणं म्हणून, म्हणजे जिवाणूंची सुरुवात करायला, चालू बायोगॅस प्लांटचा गाळ, जाळीतून गाळून काडीकचरा काढून, रिअॅक्टरच्या साधारण ३० टक्के. सुरुवातीचा भार दिवसाला घनमीटरमागे १ किलो सीओडीच्या वर नको. १० लिटरला म्हणजे दिवसाला ३.३३ लिटर पाणी, पाण्याचा टाकीतला मुक्काम ३ दिवस.

पंपावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. पेरिस्टाल्टिक पंपाची सिलिकॉन नळी काही आठवड्यांत दबते आणि प्रवाह घसरतो. रोज मोजपात्रात १० मिनिटं पाणी धरा. वरच्या हिशोबाने २३ मिलिलिटर यायला पाहिजे. १८ येत असेल तर नळीचा दबलेला भाग पुढं सरकवा. हा एक आकडा रोज वहीत असेल तर समितीचे निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

विंक्लर_बाटली

एक जोड. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची रात्र १५ अंशांच्या आसपास उतरते. मिथेन करणारे जिवाणू ३५ अंशांजवळ खुश असतात. खोलीच्या तापमानावर ठेवलेल्या रिअॅक्टरमध्ये आम्ल करणारे जिवाणू चालत राहतात, मिथेनवाले मंदावतात आणि आम्ल साठतं. पीएच घसरायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून त्याआधी आम्ल आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर बघायचं. ते ०.३ च्या आत पाहिजे. ०.४ च्या वर गेलं की पाणी देणं बंद करा, सोडा द्या, आणि गुणोत्तर खाली आल्यावर निम्म्या भाराने पुन्हा सुरू करा. मुलं घाबरून सगळा गाळ टाकतात आणि नवं बियाणं घालतात. तिथं अख्खं सत्र जातं. गाळ मेलेला नसतो, थंडीने आणि आम्लाने दबलेला असतो. पाण्याचा जॅकेट नाहीतर अॅक्वेरियमचा हीटर बसवून ३५ अंश ठेवायची सोय ऑक्टोबरातच करा.

शिवाजी_उद्यानाजवळ

बीओडीचं (जिवाणूंना घाण खायला लागणारा प्राणवायू मोजण्याचं) कोणी लिहील काय? आमच्या गटात दर आठवड्याला निम्म्या बाटल्या बाद होतायत आणि रिव्ह्यूची तारीख जवळ आली आहे.

विंक्लर_बाटली

लिहितो. आधी वार. आपल्याकडं भारतीय मानकाप्रमाणे २७ अंशांवर ३ दिवसांचा बीओडी करतात. गुरुवारी लावला तर रविवारी मोजायचा, आणि रविवारी लॅबला कुलूप. सोमवारी मोजला तर तो ४ दिवसांचा झाला, तो आकडा लिहिता येत नाही. म्हणून गुरुवार सोडून द्या. शुक्रवारचा सोमवारी येतो, बुधवारचा शनिवारी. त्या आठवड्यात सुट्टी असेल तर कॅलेंडर बघून वार हलवा.

आता पातळ करणं. समजा सांडपाण्याचा बीओडी १००० च्या आसपास आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत १ मिलिलिटर नमुना घातला तर विरघळलेला प्राणवायू लिटरला ३.३ मिलिग्रॅमने उतरतो. ०.५ घातला तर १.७ नेच उतरतो आणि बाटली बाद, कारण उतार निदान २ पाहिजे. २ मिलिलिटर घातले तर ६.७ ने उतरतो. पुस्तक बघून २ सुद्धा चालेल वाटतं, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. २७ अंशांना समुद्रकाठी पाण्यात प्राणवायू ८ च्या आसपास विरघळतो, आपल्याकडं ७.३ च. त्यातून ६.७ गेले की उरतात ०.६. शेवटी निदान १ उरायला पाहिजे, म्हणून तीही बाद. ०.७५, १ आणि १.५ अशा तीन बाटल्या लावा, तिन्ही नियमात बसतात. शिवाय १ मिलिलिटर थेट पिपेटने घालू नका, चूक फार होते. १० मिलिलिटर नमुना १०० पर्यंत पातळ करा आणि त्यातले १० घाला.

नमुना न घालता, नुसत्या पातळ करायच्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवा. तिचा उतार ०.२ च्या वर गेला तर पाणीच खराब, त्या दिवशीचं सगळं रद्द. इन्क्युबेटरमध्ये कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. रात्री वीज जाऊन आली तर पडद्यावर सकाळी २७ च दिसतात, थर्मामीटर मात्र खरं सांगतो.

नदीवर पुलावरून बादली सोडून डीओचा (विरघळलेल्या प्राणवायूचा) नमुना काढू नका. बादलीत पाणी आपटून हवा मिसळते. सॅम्पलर नसेल तर काठाला उतरून बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरा. मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड तिथंच घाला, पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून. साका पांढराच राहिला तर प्राणवायू नाही, तपकिरी झाला तर आहे. झाकण लावताना बुडबुडा अडकला तर ती बाटली सोडा.

चिकोडी_रोड

हवेवर काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. २००९ च्या राष्ट्रीय मानकात पीएम १० ची (१० मायक्रॉनपर्यंतची धूळ) वार्षिक सरासरी ६० आणि पीएम २.५ ची ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ही सरासरी आठवड्यातून दोनदा, २४ तासांच्या, वर्षात निदान १०४ मोजण्यांची. १५ दिवसांचं मोजमाप वार्षिक आकड्याशी ताडून ‘प्रमाणापेक्षा जास्त’ लिहिलेलं परीक्षक ताबडतोब धरतात. तिथं २४ तासांचेच १०० आणि ६० हे आकडे वापरा.

सौंदत्तीची_ताई

पीएचडीच्या मुदतीबद्दल कोणी नेमकं सांगेल काय? कॉलेजात शिकवत पार्ट टाइम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांना फार गोंधळ आहे.

मार्कंडेयकाठ

ताई, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) नोव्हेंबर २०२२ चे नियम सांगतो. प्रवेशाच्या तारखेपासून कमीत कमी ३ वर्षं, कोर्सवर्क धरून, आणि जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २, म्हणजे ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २, एकूण १० पर्यंत. बाळंतपण व बालसंगोपनाची रजा संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत. मुदतवाढ आपोआप मिळत नाही, ६ वर्षं संपण्याआधी पुनर्नोंदणीचा अर्ज आत गेला पाहिजे.

पार्ट टाइमसाठी नोकरीच्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत : पार्ट टाइम शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करतील. नुसतं ‘हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं.

कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिट्सचं आणि त्यात ५५ टक्के किंवा तेवढी ग्रेड. नाहीतर पुढं जाता येत नाही. त्यानंतर दर सत्राला एकदा संशोधन सल्लागार समितीपुढं काम मांडायचं. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं लिहून सुधारणा सुचवायच्या असतात. त्या सुधारणा केल्या नाहीत तर नोंदणी रद्द करायची शिफारस होऊ शकते. म्हणून बैठकीचं इतिवृत्त हातात घ्या, त्यात काय सुचवलंय ते शब्दाला शब्द वाचा, आणि पुढच्या अहवालाची सुरुवात त्याच मुद्द्यांच्या उत्तराने करा.

आपल्या सीमाभागात उपयोगी पडणारं आणखी एक कलम आहे. लग्न होऊन किंवा इतर कारणाने मुलगी कोल्हापूरला, सांगलीला, गोव्याला गेली तर तिला संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते. नियमांच्या बाकीच्या अटी पाळल्या पाहिजेत, काम एखाद्या अनुदानित प्रकल्पाचं नसावं, आणि प्रबंधात जुन्या मार्गदर्शकाला व संस्थेला श्रेय द्यायला पाहिजे. लग्न ठरलं म्हणून शिक्षण सोडायचं कारण नाही, हे घरच्यांना दाखवा.

सौंदत्तीची_ताई

फार उपयोग झाला दादा. हे कलम मुलींना माहीतच नसतं. आणि पेपर छापायची सक्ती?

मार्कंडेयकाठ

२०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध देण्याआधी पेपरची सक्ती नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, तेव्हा ज्या नियमावलीखाली तुमची नोंदणी झाली तीच वाचा. मैत्रिणीची बॅच वेगळी असेल तर तिचा नियम तुम्हाला लागू नाही.

टेबल_नंबर_४

सहामाही अहवालाबद्दल. ‘साहित्याचा आढावा सुरू आहे’, ‘नमुने गोळा केले’ असल्या वाक्यांवर समितीचं समाधान होत नाही. मागच्या वेळी काय करणार म्हटलं होतं, त्यातलं काय झालं, काय राहिलं आणि का, हे एका तक्त्यात द्या. पावसाने रस्ता बंद होता म्हणून ऑगस्टचे नमुने हुकले तर तसं तारखेसकट लिहा, आणि त्याची भरपाई कशी करणार तेही. बाद झालेल्या बाटल्यांची संख्या लपवू नका. ४० पैकी १२ बाद आणि त्यांची कारणं लिहिली असतील तर उरलेल्या २८ वर विश्वास बसतो. रिअॅक्टर स्थिर झाला म्हणताना कशावरून ते लिहा : मुक्कामाच्या निदान तिप्पट काळ गेला आणि सीओडी घटण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत हलतंय, असं.

प्रबंधाचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो, त्या साम्य तपासणीचंही ध्यानात ठेवा. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० मध्ये सुधारून ६ महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. आपल्या विषयात पद्धतीच्या प्रकरणात साम्य फुगतं, कारण सीओडीची पद्धत सगळे त्याच शब्दांत लिहितात. मानकाचा क्रमांक द्या आणि तुम्ही त्यात काय वेगळं केलं तेवढंच लिहा. किती मिलिलिटर घेतलं, क्लोराइड जास्त होतं म्हणून मर्क्युरिक सल्फेट किती वाढवलं, दोन तास १५० अंशांवर उकळलं की बंद नळीत केलं. हे तुमचं स्वतःचं असतं आणि कुठंही जुळत नाही.

शहापूर_पेठ

गेट परीक्षा देऊन आलेल्यांच्या शिष्यवृत्तीचं?

टेबल_नंबर_४

एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) महिना १२,४०० रुपये, २४ महिने. पूर्ण वेळ शिकत असाल आणि दुसरा पगार किंवा स्टायपेंड घेत नसाल तरच. कॉलेजने पोर्टलवर दर महिन्याची पडताळणी केली तरच पैसे येतात, म्हणून महिन्याच्या शेवटी विभागातल्या समन्वयकांना आठवण करा. २०२१ पासून गेटला पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे आणि स्कोअर ३ वर्षं चालतो.

जांबोटी_घाट

कारखाना परवानगी देईना झाला तर? नमुना घेऊ देतो म्हणतात आणि ऐन हंगामात गेटवर अडवतात. विषय तर मंजूर झालेला आहे.

गाळ_आणि_गॅस

परवानगी ऑगस्ट-सप्टेंबरात, कारखाना बंद असताना मागा. हंगामात कोणाला वेळ नसतो. पत्रात लिहून द्या की नाव छापणार नाही, प्रबंधात ‘कारखाना अ’ असंच येईल, आणि आकडे आधी त्यांना दाखवू. ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) इन्चार्जना भेटा. त्यांना स्वतःच्या टाकीचा बीओडी फुकटात कळणार असतो, त्यामुळे आतून मदत होते. नमुना ईटीपीच्या आत येण्याच्या तोंडावरून, शिफ्ट बदलण्याची वेळ टाळून, दर दोन तासांनी थोडा थोडा घेऊन एकत्र करा. सीओडीसाठीचा भाग तिथंच सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा आणि ४ अंशांवर ठेवा, तो २८ दिवस टिकतो. बीओडीचा भाग आम्लाशिवाय बर्फात घालून त्याच दिवशी लावायचा.

तरीही नाही म्हणाले तर वाट बघत बसू नका. डेअरीचं किंवा वसतिगृहाच्या मेसचं पाणी घ्या, रिअॅक्टर तोच राहतो. फक्त डेअरीच्या पाण्यात स्निग्धांश असतो, तो आधी वर तरंगवून काढा, नाहीतर गाळाला चिकटतो आणि गाळ तरंगून बाहेर जातो. विषयातला हा बदल समितीच्या इतिवृत्तात येऊ द्या, आणि एम.टेक. असेल तर पहिल्या टप्प्याच्या रिव्ह्यूत नोंदवून घ्या. नमुना घ्यायला सुरुवात त्यानंतरच करा.